चित्रकाराचे माहेरपण

सासुरवाशीण लेक चार दिवस माहेरी येते तेव्हा काय घडते, हे आमच्या भगिनींना आम्ही वेगळे सांगायला नको. आई तिला फार मोठे काही देत नाही. वेळेवर गरम भाकरी, निवांत झोप आणि कुणीतरी आपुलकीने केलेली विचारपूस, एवढेच. पण चार दिवसांनी तीच लेक परत निघते तेव्हा तिची चाल बदललेली असते. कामे तीच, घर तेच, माणसेही तीच, पण अंगात बळ नवे आलेले असते. जिथे कुणी आपल्याला तोलत नाही, जिथे सतत सावध राहावे लागत नाही, अशी चार दिवसांची जागा माणसाला लागते.

मग कलावंताचे काय? लेखक, गायक, चित्रकार यांनाही असे माहेर लागत असेल काय? आम्हाला वाटते, लागते. आणि ज्याचा जन्म समाजाने खालच्या ठरवलेल्या घरात झाला, त्याला तर ते अधिकच लागते. कारण त्याची निम्मी शक्ती अपमान चुकवण्यात खर्च होते. आज आम्ही अशाच एका चित्रकाराच्या माहेरपणाची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. चित्रकार अमेरिकेचा, कृष्णवर्णीय. नाव जेकब लॉरेन्स. साल १९४६.

लॉरेन्स यांचा जन्म १९१७ सालचा. आईवडील दोघेही दक्षिणेतून पोटासाठी उत्तरेकडे आलेले. पुढे दोघांची फारकत झाली. आई लोकांच्या घरी कामे करायची. मुलांना सांभाळणे जमेना तेव्हा काही वर्षे ती परक्यांच्या घरी वाढली. तेरा वर्षांचा जेकब अखेर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आईजवळ राहायला आला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच ही वस्ती आहे. पोरगे दिवसभर रस्त्यावर राहू नये म्हणून आईने त्याला शाळा सुटल्यावरच्या एका कलावर्गात घातले. तिथे चार्ल्स ऑल्स्टन नावाचे तरुण चित्रकार शिकवीत. घरातल्या सतरंज्यांवरची नक्षी पाहून हा मुलगा रंगीत आकृत्या काढू लागला. शाळा अर्धीच राहिली. पण ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंनी त्याला हाताला धरून सरकारी कलायोजनेत पगारी चित्रकार म्हणून लावून दिले. आईने वर्गात घातले, एका बाईने कामाला लावले. या मुलाच्या घडण्यात बायकांचा वाटा केवढा, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तेविसाव्या वर्षी, १९४० ते ४१ मध्ये, लॉरेन्स यांनी साठ लहान चित्रांची एक मालिका रंगवली. दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक कापसाची शेते, उपासमार आणि जमावाकडून होणारे खून मागे टाकून उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते, त्या स्थलांतराची ही कथा. साठही फळ्या एकाच वेळी मांडायच्या आणि एकेक रंग सर्व फळ्यांवर लावत जायचे, आधी गडद, मग फिका, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे साठ चित्रे मिळून एकच चित्र वाटते. फळ्यांना पांढरा लेप देण्यापासून ग्वेंडोलिन नाइट ही चित्रकार तरुणी मदतीला होती. १९४१ मध्येच दोघांचे लग्न झाले. पुढे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन इथल्या दोन मोठ्या संग्रहालयांनी ही चित्रे तीस-तीस वाटून घेतली.

या मालिकेच्या पहिल्याच चित्रात एक रेल्वे स्टेशन आहे. शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशी नावे लिहिलेल्या दारांकडे माणसांचा लोंढा सरकतो आहे. शेवटच्या चित्रातही स्टेशन आहे, माणसे गाडीची वाट पाहत उभी आहेत. आगगाडी म्हणजे सुटका, उत्तरेकडची वाट. हे चित्र वाचकांनी मनात धरून ठेवावे, कारण पुढे गाडी उलट्या दिशेने जाणार आहे.

मग महायुद्ध आले. १९४३ मध्ये लॉरेन्स तटरक्षक दलात भरती झाले. नावाजलेला चित्रकार असूनही पहिली नेमणूक मिळाली ती अधिकाऱ्यांच्या तैनातीची, वाढप्याची. काळ्या माणसाला त्या दलात सहसा तेच काम दिले जाई. नंतर त्यांना एका वेगळ्या जहाजावर जागा मिळाली. तिथे काळे-गोरे एकत्र काम करीत. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना चित्रे काढण्याची मोकळीक दिली. त्या काळात काढलेली बहुतेक चित्रे पुढे हरवली. १९४५ च्या डिसेंबरात ते सुटून घरी आले. अठ्ठावीस वर्षांचा हा माणूस बोटीवरची सैनिकी वर्षे अंगावर घेऊन परतला होता. नाव झाले होते, पण आता पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक कलावंताला एका वळणावर पडतो तसा त्यांच्याही समोर असणारच.

अशा वेळी १९४६ च्या उन्हाळ्यासाठी त्यांना एक आमंत्रण आले. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डोंगरात ब्लॅक माउंटन नावाचे एक लहानसे कॉलेज होते. तिथल्या उन्हाळी कलावर्गात शिकवायला या, असे ते आमंत्रण. पाठवणारे होते जोसेफ अल्बर्स.

हे अल्बर्स कोण? जर्मनीतल्या एका कारागिराचा मुलगा. वडील घरे रंगवण्याचे आणि सुतारकीचे काम करीत. अल्बर्स पुढे बाऊहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिक्षक झाले. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली. पत्नी ॲनी विणकाम करणारी मोठी कलावंत, आणि जन्माने ज्यू घराण्यातली. तेव्हा त्या देशात राहणे म्हणजे काय, हे सांगायला नको. दोघे अमेरिकेत आले ते थेट या डोंगरातल्या कॉलेजात. जन्मावरून माणसाला दूर लोटणारे राज्य कसे असते, हे त्यांनी आपल्या घरात अनुभवले होते.

कॉलेजही न्यारेच. १९३३ मध्ये सुरू झालेले, पैशाने कायम तंगीत. तळ्याकाठच्या जागेवर विद्यार्थी आणि शिक्षक यांनी स्वतः राबून अभ्यासाची इमारत उभी केली होती. शेती होती, लाकडे फोडावी लागत, आणि शिक्षक-विद्यार्थी एकाच भोजनगृहात एकत्र जेवीत. हाताने काम करणे हे शिक्षणाचेच अंग, अशी तिथली धारणा. पण ही सगळी वस्ती होती दक्षिणेत. तिथे काळ्यांनी वेगळ्या शाळेत बसायचे, वेगळ्या नळाचे पाणी प्यायचे, गाडीत वेगळ्या डब्यात बसायचे, असा कायदा. १९४४ च्या उन्हाळ्यात संगीताच्या वर्गासाठी आल्मा स्टोन विल्यम्स या कृष्णवर्णीय बाईंना कॉलेजाने प्रवेश दिला, तेव्हा त्या लहान संस्थेने मोठेच धाडस केले होते.

आता लॉरेन्स पतिपत्नींच्या प्रवासाकडे येऊ. न्यूयॉर्कहून गाडीत बसायला अडचण नव्हती. पण दक्षिणेच्या हद्दीत शिरताना काळ्या उतारूंना उठून आपल्या वेगळ्या डब्यात जावे लागे. तिकिटाचे पैसे तेच, पण जागेवरून उठावे लागे. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीच्या डब्याच्याच खटल्यात वेगळे पण समान हे तत्त्व मान्य करून या प्रकाराला कायद्याचा आधार दिला होता. लॉरेन्स यांना हे नवे नव्हते. लग्नानंतर दोघे न्यू ऑर्लिन्स शहरात राहिले होते, आणि तिथल्या बसमध्ये काळ्या माणसांची बसण्याची जागा कशी वेगळी ठरलेली असते, याचे चित्र त्यांनी १९४१ मध्ये काढले होते.

अल्बर्स यांनी काय केले? त्यांनी या दोघांसाठी आगगाडीचा एक खास डबा भाड्याने घेतला. भरल्या गाडीत, लोकांच्या देखत, पाहुण्यांना जागेवरून उठण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी. साठ चित्रांत ज्याने उत्तरेकडे धावणारी माणसे रंगवली, तो चित्रकार त्या डब्यात बसून दक्षिणेकडे निघाला.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मसूर स्टेशन उभे राहिले. आमच्या वाचकांनाही ते आठवले असेल. १९०१ साली सातारहून वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव आणि त्यांच्याबरोबरची पोरे. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. पण जात कळताच कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार. खुद्द बाबासाहेबांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. पैसे असून जागा नाही, हा अनुभव दोन्हीकडचा एकच.

मुक्कामाला पोचल्यावर मात्र लॉरेन्स यांना जे मिळाले ते खरेच माहेरपण होते. आजूबाजूला हिरवे डोंगर, तळे, झाडी. जेवणाची चिंता नाही, भाड्याची चिंता नाही. वर्गात वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली मुलेमुली. त्या उन्हाळ्यात शिकवायला आलेल्यांत जपानी वंशाचे शिल्पकार लिओ अमिनोही होते. तिथे लॉरेन्स हे काळे म्हणून नव्हे, तर चित्रकार म्हणून उभे होते. एवढ्या मोठ्या वर्गाला शिकवण्याचा त्यांना आधी अनुभव नव्हता. पण दुसऱ्याला समजावून सांगायचे म्हटले की आपण काय करतो हे आधी स्वतःला समजावे लागते. आजवर जे हाताला आपोआप जमत होते, त्याचा हिशेब त्यांना डोक्यात मांडावा लागला. कलावंताचे नवेपण अनेकदा इथूनच सुरू होते.

दुसरा लाभ अल्बर्स यांच्या सहवासाचा. चित्र म्हणजे वस्तूची नक्कल नव्हे. कागदावर एक रेघ ओढली की आजूबाजूची मोकळी जागाही बदलते, म्हणून रेघेइतकाच त्या मोकळ्या जागेचा विचार करावा, असे ते शिकवीत. रंगाबाबत त्यांचा एक साधा पाठ होता. तो वाचकांनी घरी मुलांबरोबर करून पाहावा. एक काळपट आणि एक पांढरट असे दोन कागद शेजारी ठेवा. एकाच राखी कागदाचे दोन सारखे तुकडे कापून दोन्हींच्या मधोमध ठेवा. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा मळकट. मुले शपथेवर सांगतील की तुकडे वेगळे आहेत. मग दोन्ही उचलून एकमेकांशेजारी धरा. रंग एकच! रंग कसा दिसतो हे तो कुणाच्या शेजारी आहे यावर ठरते. आम्हाला तर वाटते, हा पाठ चित्रकलेपुरता नाही. कुठल्या वस्तीच्या, कुठल्या आडनावाच्या पार्श्वभूमीवर ठेवून जग माणसाला पाहते, त्यावर तो उजळ की मळका हे ठरवले जाते. माणूस मात्र तोच असतो.

पुढे आयुष्यभर लॉरेन्स त्या उन्हाळ्याचे आणि अल्बर्स यांचे ऋण मान्य करीत राहिले. आपल्या चित्रातल्या जागेचे आणि आकारांचे भान, तसेच शिकवण्याची रीत, यांवर अल्बर्स यांचा ठसा आहे, असे ते सांगत.

पण या माहेराला कुंपण होते. तो सारा उन्हाळा लॉरेन्स पतिपत्नी कॉलेजच्या आवाराबाहेर पडलीच नाहीत. ॲशव्हिल हे शहर जवळच होते. तिथे बाजार होता, दुकाने होती. पण बाहेर पाऊल टाकले की तोच कायदा, तेच वेगळे दार. आवारात गुरुजी, आणि फाटकाबाहेर अस्पृश्य! म्हणून त्यांनी आपल्या मानाला जपले आणि आतच राहणे पसंत केले.

इथे एक प्रश्न मनाला टोचतो, आणि तो आम्ही वाचकांपासून लपवणार नाही. अल्बर्स यांचा तो खास डबा, तो मान होता की पळवाट? दोन माणसांचा अपमान टळला, हे खरे. पण त्याच गाडीतल्या इतर काळ्या उतारूंना उठून वेगळ्या डब्यात जावेच लागले असणार. नियम जागचा हलला नाही. ज्याच्यासाठी कुणी डबा घेत नाही त्याचे काय?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे की, दोन्ही गोष्टी लागतात. नियम मोडायला चळवळ लागते, न्यायालय लागते, हजारो माणसांचे पाय लागतात. ते काम पुढे झाले आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा हा भेद बेकायदा ठरला. पण नियम मोडेपर्यंतच्या काळात कलावंताने काय करायचे? त्याचा हात तोवर थांबवायचा? तेवढ्यासाठी कुणीतरी आपल्या हातात असेल तेवढे करावे लागते. अल्बर्स यांच्या हातात एक डबा आणि एक उन्हाळा होता. तो त्यांनी दिला. आणि चळवळीचे कामही त्याच महिन्यांत चालूच होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडले, हे कळताच बाबासाहेबांनी तिथले थोर विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डु बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. इकडे डोंगरात एक काळा चित्रकार रंगाचा पाठ देत होता, आणि तिकडे मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोन महापुरुषांची पत्रे जात-येत होती. दोन्हींना एकमेकांची खबर नसेल. पण शेत एकच होते.

त्या उन्हाळ्याने लॉरेन्स यांना काय दिले? त्याच १९४६ सालची त्यांची चित्रे पाहिली की हातच हात दिसतात. सुतार रंधा मारताहेत, घड्याळजी बारीक चाकांवर वाकला आहे, शिवणकाम करणारी बाई आहे, न्हाव्याचे दुकान आहे. कष्टकऱ्यांचे हात आणि त्यांची अवजारे ही त्यांची ओढ पुढे बांधकाम करणाऱ्या माणसांच्या चित्रांतून आयुष्यभर टिकली. त्याच साली त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि युद्धावरची चौदा चित्रांची मालिका त्यांनी १९४७ मध्ये पुरी केली. त्या चित्रांत विजयाचा जल्लोष नाही. बोटीत दाटीने कोंबलेली माणसे आहेत आणि घरी आलेले मृत्यूचे पत्र आहे. जे सोसले ते आता चित्रात उतरले.

सगळी दुखणी एका उन्हाळ्यात बरी होतात, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९४९ मध्ये मनाचा तोल ढासळू लागला तेव्हा लॉरेन्स स्वतः होऊन रुग्णालयात दाखल झाले, उपचार घेतले, आणि तिथल्या दिवसांचीही चित्रे काढली. मनाच्या आजाराला आमच्या घरांतून अजून लपवले जाते. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

त्या उन्हाळ्याचे सर्वांत टिकाऊ फळ मात्र वेगळेच. डोंगरातून परतलेला हा माणूस जन्मभराचा शिक्षक झाला. न्यूयॉर्कच्या प्रॅट कलासंस्थेत, मग १९७१ पासून सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी शिकवले. अर्धी शाळा सोडलेला मुलगा विद्यापीठाचा प्राध्यापक झाला. १९९० मध्ये देशाचे राष्ट्रीय कलापदक त्यांना मिळाले. ९ जून २००० रोजी सिएटलमध्ये त्यांचे निधन झाले.

आणि ग्वेंडोलिन? त्या उन्हाळ्यात त्याही डोंगरात होत्या, आणि मुलांना नृत्य शिकवीत होत्या. स्वतः चित्रकार असलेल्या या बाईंनी पतीच्या फळ्यांना लेप देण्यात तारुण्य घातले. त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले ते १९७६ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर. आणि आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले २००३ मध्ये, नव्वदीत. २००५ मध्ये त्या गेल्या. माहेरपण दोघांना मिळाले, पण त्याचे फळ हाती यायला बाईला किती वर्षे लागली, याचा हिशेब आमच्या बंधूंनीही करावा.

सांगायचे तात्पर्य एवढेच. आमच्याकडे डोंगरातले कॉलेज नाही आणि खास डबाही नाही. पण दोन खोल्यांच्या घरातही खिडकीजवळचा एक कोपरा असतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेली, वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी मुलगी किंवा मुलगा घरात असेल, तर तो कोपरा आठवड्यातून एक दुपार त्याचा करा. त्या वेळी पाणी भर, दुकानात जा, भावाला सांभाळ, असे सांगू नका. "याने पोट भरेल का?" हा प्रश्न त्या दुपारपुरता बाजूला ठेवा. गावी आजोळ असेल तर सुट्टीत रंगांची पेटी बरोबर द्या. शिकलेल्या, स्थिरावलेल्या मंडळींनी आपल्या घरातली रिकामी खोली एखाद्या होतकरू पोराला महिनाभर उघडून दिली, तर तेही अल्बर्स यांच्या डब्यासारखेच काम होईल.

लॉरेन्सच्या आईने मुलगा रस्त्यावर वाया जाऊ नये एवढ्याच काळजीपोटी त्याला कलावर्गात घातले होते. तो थोर चित्रकार होईल, हे तिला कुठे ठाऊक होते? आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणूनच तर कोपरा आधी द्यायचा असतो.